अंथरूण पाहून पार्टिशन पसरावे!

२९ ऑगस्ट २०२३ या दिवशी टोयोटा कंपनीचे जपानमधले गाड्या बनवणारे सगळेच्या सगळे १४ कारखाने थांबले. आग नाही, भूकंप नाही, संपही नाही. पार्ट्सच्या ऑर्डर्स सांभाळणारे काही सर्व्हर बंद पडले, एवढंच झालं होतं. टोयोटाकडे माल साठवून ठेवत नाहीत, लागेल तेव्हा लागेल तेवढाच मागवतात. त्यामुळे ऑर्डर गेली नाही की पार्ट येत नाही, आणि पार्ट आला नाही की लाईन थांबते. अशा २८ लाईन्स थांबल्या.

पहिल्यांदा सायबर हल्ल्याची शंका आली. कारण आदल्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, एका पुरवठादारावर झालेल्या हल्ल्यामुळे हेच कारखाने एक दिवस बंद राहिले होते. पण सप्टेंबरमध्ये कंपनीने जे कारण जाहीर केलं, ते वाचून आपल्याला हसावं की रडावं कळत नाही. २७ ऑगस्टला नेहमीचं मेंटेनन्सचं काम होतं. डेटाबेसमधला साठलेला डेटा काढून टाकायचा आणि नीट लावायचा. हे करता करता डिस्कवरची जागा कमी पडली आणि सिस्टीम बंद पडली! पर्यायी म्हणून ठेवलेला सर्व्हरही त्याच सिस्टीमवर असल्यामुळे तोही तसाच पडला. शेवटी जास्त जागा असलेल्या सर्व्हरवर डेटा हलवला, तेव्हा काम पुन्हा सुरू झालं.

नीट बघा हं. जागा भरताना कमी पडली नाही, साफ करताना कमी पडली. असं कसं होईल? हा प्रश्न डोक्यात ठेवा, कारण या लेखाचं सगळं सार त्यातच आहे. डिपार्टमेंटचा सर्व्हर असो, फायनल इयर प्रोजेक्टसाठी भाड्याने घेतलेलं मशीन असो, उद्या आपल्यापैकी कितीतरी जणांच्या हातात सर्व्हर येणार आहेत. म्हणून आधीच समजून घेऊया.

(एक सूचना : या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर टाईप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाईप करायच्या. उदाहरणं लिनक्सची आहेत.)

पार्टिशन म्हणजे काय?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे लेख मराठीत लिहायचा ठरल्यावर मी आधी डिक्शनरी उघडली. पार्टिशनला ‘विभाजन’ असा भारदस्त शब्द सापडला. पण मग लक्षात आलं की आपल्याकडे चाळीतल्या खोलीत सुद्धा प्लायवूडचं ‘पार्टिशन’ टाकतात आणि आजीलाही तो शब्द कळतो. तोच शब्द इथे बरोबर बसतो. खोली तेवढीच राहते. मध्ये भिंत टाकून आपण ठरवतो की इकडे स्वयंपाक, तिकडे झोपायची जागा.

घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर हे आपण रोज बघतो. सी ड्राईव्ह लाल झालेला असतो आणि डी ड्राईव्ह निम्मा रिकामा! डिस्क एकच, पण मध्ये भिंत आहे. लिनक्समध्ये सी, डी अशी नावं नसतात. तिथे एकच झाड असतं. त्याचं मूळ म्हणजे रूट, जे नुसत्या ‘/’ या तिरक्या रेघेने दाखवतात. बाकीची पार्टिशन्स या झाडाच्या फांद्यांवर ‘माउंट’ करतात. /होम मध्ये युजर्सच्या फाईली, /व्हार मध्ये सतत बदलणाऱ्या गोष्टी (लॉग, मेल, डेटाबेस), /बूट मध्ये मशीन सुरू करायला लागणारं कर्नल.

हिशोबाची एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. डिस्कच्या खोक्यावर ५०० जीबी लिहिलेलं असतं, पण मशीन मात्र सुमारे ४६५ दाखवतं. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि मशीन १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ बाइट धरतं. प्लॅनिंग करताना ४६५ च धरायचे. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर आधी अंथरूण नीट मोजायला हवं ना!

भिंती कशाला हव्यात?

समजा आपल्या डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर एकच मोठं पार्टिशन आहे. भिंत नाही, कटकट नाही, सगळी जागा सगळ्यांना. सबमिशनच्या आदल्या रात्री एका मुलाच्या प्रोग्राममध्ये कधीच न थांबणारा लूप राहिला आणि तो फाईलमध्ये ओळी लिहीत बसला. बिचारा प्रोग्राम सुरू करून जेवायला गेलाय. तासाभरात डिस्क १०० टक्के!

आता बघा काय काय होतं. डेटाबेसला लिहिता येत नाही, तो थांबतो. लॉग लिहिले जात नाहीत, त्यामुळे काय बिघडलं हेही कळत नाही. आणि सर्वात वाईट म्हणजे, त्याच वेळी दुसरी एक मुलगी आपला रिपोर्ट सेव्ह करत असते. कितीतरी प्रोग्राम्स सेव्ह करताना आधी जुनी फाईल रिकामी करतात आणि मग नवीन मजकूर लिहितात. रिकामी करायला जागा लागत नाही, पण लिहायला लागते. ती नाही. परिणाम काय? चार महिन्यांच्या रिपोर्टची शून्य बाइटची फाईल. चूक एकाची, रिपोर्ट दुसरीचा!

भिंत असती तर? /होम भरलं असतं, पण डेटाबेस चालू राहिला असता आणि लॉगमध्ये नोंद झाली असती. म्हणजे पार्टिशनचा खरा उपयोग जागा वाढवणं हा नाही (जागा तर तेवढीच असते). एक खोली भरली तर बाकीच्या खोल्या वाचाव्यात, हा आहे. म्हणून भिंत कुठे टाकायची ते ठरवताना ‘कुणाला किती हवं?’ याच्या आधी ‘कोण वाढत जाणार आहे, आणि ते भरलं तर काय वाचलं पाहिजे?’ हे विचारायचं.

४६५ जीबीच्या डिस्कसाठी एक नमुना देते. हा काही नियम नव्हे, फक्त विचार करायची पद्धत :

/बूट – १ जीबी
/ (रूट) – ४० जीबी
स्वॅप – ८ जीबी
/व्हार – ८० जीबी
/होम – २०० जीबी
कुणालाच न दिलेली – १३६ जीबी

शेवटची ओळ वाचून चुकल्यासारखं वाटलं का? ती मुद्दामच आहे. त्याकडे आपण परत येऊ.

पण भिंत टाकली तरी /होम च्या आतले लोक एकमेकांची जागा खाऊ शकतात. म्हणजे त्या मुलीचा रिपोर्ट अजून वाचलेला नाही! त्यासाठी ‘कोटा’ लावतात. १२० विद्यार्थ्यांना प्रत्येकी दीड जीबी म्हणजे १८० जीबी झाले, २०० मधले २० शिल्लक. कोट्यात दोन मर्यादा असतात. सॉफ्ट मर्यादा ओलांडली की मुदत मिळते (साधारणपणे सात दिवस), आणि हार्ड मर्यादेच्या पुढे एक बाइटही लिहिता येत नाही. आता लूपवाल्या मुलाची डिस्क फक्त त्याच्यापुरती भरते.

आधी बघा, मग हात लावा

सर्व्हर ‘जागा नाही’ म्हणून ओरडायला लागला की पहिला मोह होतो सापडेल ते डिलीट करायचा. थांबा! डॉक्टर सुद्धा आधी नाडी बघतात.

पहिली कमांड डीएफ -एच. प्रत्येक पार्टिशनमध्ये एकूण किती, वापरलेली किती, उरलेली किती हे ती दाखवते. म्हणजे कुठली खोली भरली ते कळतं. दुसरी कमांड डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /व्हार. त्या खोलीत कुठल्या कपाटाने किती जागा खाल्ली ते ती सांगते. यातला ‘एक्स’ महत्त्वाचा. त्यामुळे डीयू दुसऱ्या पार्टिशनमध्ये भटकत नाही. मोठं कपाट सापडलं की त्याच्या आत पुन्हा तीच कमांड. दोन-तीन पायऱ्यांत चोर सापडतो. बहुतेक वेळा तो जुने लॉग, विसरलेले बॅकअप नाहीतर डॉकरच्या न वापरलेल्या इमेज यांपैकी एक असतो.

पण कधी कधी या दोघांचा हिशोब जुळत नाही. तिथे तीन गमती आहेत. व्हायव्हासाठी सुद्धा उपयोगी पडतील!

गंमत पहिली : फाईल डिलीट केली, पण जागा सुटलीच नाही. लिनक्समध्ये डिलीट करणं म्हणजे फाईलचं नाव पुसणं. एखाद्या चालू प्रोग्रामने ती फाईल उघडून ठेवली असेल, तर नाव गेलं तरी मजकूर डिस्कवर तसाच राहतो. डीयू ला नाव दिसत नाही म्हणून ती मोजत नाही. डीएफ ला जागा अडकलेली दिसते. एलएसओएफ +एल१ (इथला ‘एल’ मात्र मोठा) ही कमांड अशा बिननावाच्या फाईली दाखवते. तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा मोकळी होते. म्हणून चालू लॉग फाईल डिलीट करायचीच नाही. फारच गरज असेल तर ट्रंकेट -एस ० वापरून ती जागच्या जागी रिकामी करायची.

गंमत दुसरी : डीएफ म्हणते निम्मी जागा रिकामी आहे, तरी नवीन फाईल बनत नाही! प्रत्येक फाईलला एक ‘आयनोड’ लागतो, म्हणजे रजिस्टरमधली एक ओळ. ईएक्सटी४ फाईल सिस्टीममध्ये या ओळी फॉरमॅट करतानाच ठरतात, नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबीमागे एक. २०० जीबीला साधारण १ कोटी ३१ लाख. खूप वाटतात, पण एखादी वेबसाईट रोज लाखो चिमुकल्या सेशन फाईली टाकत असेल आणि कुणी पुसत नसेल, तर पानं कोरी राहतात आणि रजिस्टर भरून जातं. डीएफ -आय ने हे दिसतं.

फाईलींच्या संख्येने मंगळावर सुद्धा घोळ घातलाय बरं का! नासाचं स्पिरिट रोव्हर जानेवारी २००४ मध्ये तिथे उतरलं आणि तीन आठवड्यांच्या आतच पुन्हा पुन्हा रीबूट व्हायला लागलं. फ्लॅश मेमरीत इतक्या फाईली साठल्या होत्या की त्यांचा हिशोब ठेवायला रॅम पुरेना. इंजिनिअर्सनी पृथ्वीवरून कमांड पाठवून फाईली काढल्या, फ्लॅश फॉरमॅट केली, आणि ९० दिवसांसाठी पाठवलेलं ते रोव्हर पुढे २०१० पर्यंत संपर्कात राहिलं. तिथे लॅब असिस्टंटला हाक मारायची सोय नव्हती!

गंमत तिसरी : एकूण २००, वापरलेले १९०, उरलेले शून्य! मग १० जीबी गेले कुठे? ईएक्सटी४ नेहमीच्या सेटिंगला ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवते, म्हणजे बाकीच्यांची जागा संपली तरी अ‍ॅडमिनला काम करता यावं. रूट पार्टिशनवर ही राखीव जागा तशीच ठेवावी. नुसत्या डेटाच्या मोठ्या पार्टिशनवर ट्यून२एफएस -एम ने ती कमी करता येते.

साफसफाईलाही जागा लागते

आता टोयोटाचा प्रश्न. काढून टाकताना जागा कशी कमी पडते?

दिवाळीच्या आधी घरी माळा साफ करतात तो दिवस आठवा. आई आधी काय करते? सगळे डबे, पातेली, जुन्या पिशव्या खाली काढून पलंगावर मांडते. म्हणजे साफसफाई अर्धी झालेली असते तेव्हा घरात पसारा सगळ्यात जास्त असतो! पलंग आधीच भरलेला असेल तर माळा साफच करता येणार नाही.

डिस्कचं अगदी तसंच आहे. १० जीबीचा लॉग जीझिप ने लहान करायचा ठरवला, तर नवीन लहान फाईल पूर्ण होईपर्यंत जुनी मोठी फाईल तिथेच असते. शेवटच्या २०० एमबी जागेत हे काम सुरू केलं तर ते मध्येच बंद पडायची भीती. डेटाबेसमध्ये तर अजूनच. मायएसक्यूएलच्या इनोडीबी टेबलमधून लाखो रो डिलीट केल्या तरी फाईल लहान होत नाही. आतली जागा फक्त ‘पुन्हा वापरण्यासाठी मोकळी’ होते. उलट, ते डिलीट अर्धवट राहिलं तर मागे फिरता यावं म्हणून जुन्या रोंची नोंद ठेवावी लागते. म्हणजे डिलीट करता करता जागा आणखी लागते. फाईल खरंच लहान करायची तर ऑप्टिमाईझ टेबल चालवायचं, आणि ते टेबलची नवीन प्रत बनवतं. ६० जीबीच्या टेबलमध्ये ४० जीबी कामाचा डेटा असेल, तर तेवढी रिकामी जागा आधी हवी. पोस्टग्रेसच्या व्हॅक्यूम फुलचंही तेच.

तेव्हा रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. ती सर्व्हरचा पलंग आहे! ९८ टक्के भरल्यावर साफसफाई सुरू करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

भिंत सरकवता येते का?

साधं पार्टिशन सरकवणं अवघड, कारण शेजारी दुसरं पार्टिशन बसलेलं असतं. म्हणून सर्व्हरवर एलव्हीएम वापरतात. त्यात तीन थर असतात. डिस्क किंवा पार्टिशन म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम. अशा एक किंवा अनेक व्हॉल्यूमचा मिळून व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे एक सामाईक हौद. आणि त्या हौदातून लागेल तेवढं काढून दिलेलं लॉजिकल व्हॉल्यूम. आपल्या नमुन्यातले न दिलेले १३६ जीबी याच हौदात पडून आहेत. /व्हार कमी पडलं तर त्यातले २० देता येतात, आणि तेही सर्व्हर बंद न करता. उद्या हौदच कमी पडला तर नवीन डिस्क आणून हौद मोठा करायचा.

फक्त क्रम पाठ करा. मोठं करताना आधी भिंत, मग सामान. म्हणजे आधी लॉजिकल व्हॉल्यूम वाढवायचं, मग आतली फाईल सिस्टीम. (एलव्हीएक्सटेंड ला -आर दिलं तर दोन्ही एकदमच होतं.) लहान करताना बरोबर उलटं. आधी सामान आवरायचं, मग भिंत आत घ्यायची. हा क्रम चुकला तर भिंत सामानावरून जाते आणि डेटा गेलाच म्हणून समजा! ईएक्सटी४ लहान करायला ती आधी अनमाउंट करावी लागते. एक्सएफएस, जी रेड हॅटने २०१४ साली आवृत्ती ७ पासून नेहमीची फाईल सिस्टीम केली, ती वाढते छान, पण लहान करायची म्हटलं तर व्यवहारात नवीन बनवून डेटा हलवावा लागतो. म्हणजे जागा देणं सोपं, परत घेणं कठीण. माणसांसारखंच की! म्हणून सुरुवातीला थोडं कमीच द्यावं आणि मागतील तसं वाढवावं. आणि भिंतीला हात लावायच्या आधी बॅकअप, तोही दुसऱ्या मशीनवर.

चार सवयी

१) वेग मोजा. ‘किती भरलं?’ पेक्षा ‘किती वेगाने भरतंय?’ हे जास्त कामाचं. ८० जीबीच्या /व्हार मध्ये ५२ भरले आहेत आणि आठवड्याला दीड जीबी वाढतात. ८० टक्के म्हणजे ६४ जीबी. उरले १२, म्हणजे आठ आठवडे. आज जुलै असेल तर सबमिशनच्या आधी काम करायचं आहे, हे कॅलेंडरवर लिहून ठेवता येतं.

२) लॉगला लगाम घाला. थेंबे थेंबे तळे साचे, तसे लॉग साचतात. लॉगरोटेट मध्ये सांगून ठेवा : दर आठवड्याला नवीन फाईल, जुन्या चार ठेव, बाकी काढून टाक, आणि ठेवलेल्या लहान कर.

३) मशीनलाच ओरडायला लावा. क्रॉनमधून रोज डीएफ चालवून ८० टक्क्यांच्या वर गेलं की मेल पाठवणारी स्क्रिप्ट दहा ओळींची असते. मात्र ती मेल कुणीतरी वाचली पाहिजे!

४) पर्यायी सर्व्हरलाही तोच आजार नाही ना, ते बघा. दोन्हीकडे तेवढीच डिस्क, तोच डेटा आणि तोच वेग असेल तर दोन्ही एकाच दिवशी भरणार. टोयोटाच्या प्रकरणातला हा दुसरा धडा.

आता गृहपाठ. यासाठी डिपार्टमेंटचा सर्व्हर नको, स्वतःच्या लिनक्सवर करा. १०० एमबीची एक रिकामी फाईल बनवा, तिला ईएक्सटी४ ने फॉरमॅट करा आणि माउंट -ओ लूप ने एखाद्या रिकाम्या फोल्डरवर माउंट करा. झाली तुमची खेळातली डिस्क! आता ती फाईली कॉपी करून भरा. डीएफ -एच आणि डीएफ -आय दोन्ही बघा. एक फाईल एखाद्या प्रोग्राममध्ये उघडी ठेवून डिलीट करा आणि जागा सुटते का ते तपासा. मग भरलेल्या डिस्कवर ६० एमबीची फाईल जीझिप करून बघा. जो एरर येईल तो नीट वाचून ठेवा. शंभर एमबीवर तो फुकटात बघायला मिळतो, नाहीतर कुणाच्यातरी चार महिन्यांच्या रिपोर्टवर बघावा लागतो.